दीड इंच लिफ्टनंतर जिम्नीचं स्टिअरिंग सरळ करताना: इंदूरचा अनुभव

गाडीला सस्पेन्शन लिफ्ट (उंच स्प्रिंग आणि शॉक लावून गाडी वर उचलणं) बसवून देणारे इंदूरमध्ये आता सहज सापडतात. लिफ्टनंतर बदललेली स्टिअरिंगची भूमिती परत जागेवर आणून देणारा माणूस शोधायला मात्र मला दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचा काळ लागला. मधल्या दिवसांत मी बरीच घाबरले होते, हे स्पष्ट सांगते. मराठीत यावर काही वाचायला मिळालं नाही, म्हणून तारखा, खर्च आणि मोजमापं सगळं लिहून ठेवते आहे.

गाडी मारुती जिम्नी, पाच दारांची. आमचं शेत मानपूरच्या पुढे आहे. शेवटचे दोन किलोमीटर काळ्या मातीचा कच्चा रस्ता. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडतात, ऑक्टोबरात त्या तशाच्या तशा वाळतात आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. तीन दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस २२५० मिलीमीटर, पाच दारांचीचा २५९०. लांबी वाढल्यामुळे पोट टेकण्याचा धोकाही वाढतो. म्हणून ४० मिलीमीटर, म्हणजे साधारण दीड इंच लिफ्ट घ्यायचं ठरवलं. टायर कंपनीचेच, १९५/८० आर१५, ठेवले. लिफ्टने पोट वर जातं, पण डिफरेन्शियलची (अॅक्सलमधल्या गिअरच्या गोळ्याची) जमिनीपासूनची उंची टायरच्या व्यासावरच ठरते, ती तेवढीच राहते. मला पोटच वर हवं होतं, त्यामुळे मोठ्या टायरचा खर्च आणि त्यामागची कटकट टाळता आली.

आमच्या शेजारी राहणारे काका पीथमपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. आयुष्यभर जिग आणि गेज हाताळलेला माणूस. लिफ्टचं कळल्यावर ते म्हणाले, "अगं, बसव खुशाल. पण आधी आत्ताची मापं घेऊन ठेव. नंतर काय बदललं ते कळणार कसं?" या एका सल्ल्याने माझं पुढचं सगळं काम सोपं केलं.

ऑक्टोबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात आम्ही अपार्टमेंटच्या तळघरात, जिथे फरशी लेव्हलमध्ये आहे तिथे, गाडी उभी केली. चारही टायरमध्ये सारखी हवा भरली. चाकाच्या मधोमधपासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही ठिकाणी मोजली. ओळंबा सोडून मडगार्डच्या कडेपासून टायरची बाजू किती आत आहे ते दोन्हीकडे घेतलं. पुढच्या अॅक्सलच्या एका सपाट, मशीन केलेल्या पृष्ठभागावर चुंबकाचा डिजिटल अँगल गेज लावून कोन लिहून घेतला आणि त्या जागेवर रंगाचा ठिपका दिला. हा कोन म्हणजे कॅस्टर (पुढचं चाक ज्या आसाभोवती वळतं त्या आसाचा मागे कललेला कोन) नव्हे. पण लिफ्टनंतर त्याच ठिपक्यावर गेज लावला की अॅक्सल किती अंश फिरला ते कळतं, आणि कॅस्टरमध्ये तेवढाच फरक पडलेला असतो. अँगल गेज हजार रुपयांच्या आत येतो. लिफ्ट करणाऱ्या प्रत्येकाने तो आधी घ्यावा असं मला मनापासून वाटतं. सर्व्हिस सेंटरवरून अलाइनमेंटचा छापील कागदही घेतला: कॅस्टर डावीकडे २.३ अंश, उजवीकडे २.२.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात देवास नाक्याकडच्या एका गॅरेजमध्ये स्प्रिंग आणि शॉक बदलले. सकाळी दिली, संध्याकाळी मिळाली. ब्रेकचे होज आणि एबीएसच्या वायरी अॅक्सल पूर्ण खाली लोंबला तरी ताणल्या जात नाहीत ना, हे जॅकवर असतानाच दाखवायला सांगितलं. ते ठीक होतं.

गॅरेजमधून निघाल्यावर शहरात फारसं जाणवलं नाही. स्टिअरिंगचं चाक थोडं वाकडं होतं, गाडी सरळ जात असताना साधारण दहा अंश कललेलं. वळणानंतर ते आपणहून परत यायचं, ते आता मला हाताने परत आणावं लागत होतं. बायपासवर ऐंशीचा वेग गाठला तेव्हा खरी भीती वाटली. गाडी एका रेषेत राहतच नव्हती. थोडी डावीकडे, मग सावरली की थोडी उजवीकडे. शेजारून ट्रक गेला की त्याच्या हवेने आणखी. मागच्या सीटवर मुलं होती. मी साठवर आले आणि डाव्या लेनमधून घरी पोहोचले. पुढे काम पूर्ण होईपर्यंत ही गाडी हायवेवर न्यायची नाही असं ठरवलं आणि पाळलं. शेतावर भावाच्या गाडीने गेलो.

दुसऱ्या दिवशी तळघरात त्याच जागी काकांबरोबर मापं घेतली. उंची चाळीसला दोन-तीन मिलीमीटर जास्तच होती (नवीन स्प्रिंग वापरात थोड्या दबून खाली बसतात, त्यामुळे हे अपेक्षित होतं). ठिपक्यावरचा कोन तीन अंशांच्या थोडा वर बदलला होता. आणि पुढचा अॅक्सल एका बाजूला सरकला होता: दोन्हीकडच्या मापांत बारा मिलीमीटरचा फरक, म्हणजे प्रत्यक्षात सहा मिलीमीटर सरकलेला. हा हिशेब लक्षात ठेवा, कारण अॅक्सल जितका सरकतो त्याच्या दुप्पट फरक दोन्ही बाजूंच्या मापांत दिसतो.

हे का होतं ते मला काकांनी जमिनीवर खडूने काढून समजावलं. जिम्नीचा पुढचा अॅक्सल अखंड आहे. दोन आर्म त्याला धरतात आणि ते अॅक्सलच्या मागे चासिसला जोडलेले असतात. चासिस वर उचलली की आर्मचं पुढचं टोक खाली झुकतं, आणि अॅक्सल आर्मला दोन-दोन बुशनी (रबरी कड्यांनी) घट्ट धरलेला असल्यामुळे तोही आर्मबरोबर फिरतो, वरची बाजू पुढे. आर्मची लांबी पाऊण मीटर धरली तर चाळीस मिलीमीटर उंचीला तीन अंशांच्या आसपास कोन येतो. माझ्याकडे मुळात सव्वादोन अंश होते, म्हणजे कॅस्टर शून्याच्या खाली गेलं. सायकलचा पुढचा चिमटा जसा मागे कललेला असतो आणि त्यामुळे हात सोडले तरी चाक सरळ राहतं, तेच काम गाडीत कॅस्टर करतं. ते उणे झालं की चाकाला सरळ राहण्याची ओढच उरत नाही.

अॅक्सल बाजूला सरकतो तो पॅनहार्ड रॉडमुळे. हा रॉड एका टोकाला चासिसला, दुसऱ्या टोकाला अॅक्सलला जोडलेला तिरपा दांडा. गाडी उचलली की त्याचा तिरपेपणा वाढतो, आडवी लांबी कमी होते आणि तो अॅक्सलला आपल्याकडे ओढतो. स्टिअरिंग बॉक्समधून चाकाकडे जाणाऱ्या ड्रॅग लिंकचंही तेच होतं, म्हणून स्टिअरिंगचं चाक वाकडं दिसतं. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) मात्र अखंड अॅक्सलमध्ये लिफ्टने बदलत नाही. टो (चाकं पुढून किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) देखील फारसा नाही, कारण टाय रॉड (दोन्ही पुढच्या चाकांना जोडणारा दांडा) अॅक्सलबरोबरच वरखाली होतो.

एवढं कळल्यावर मी अलाइनमेंटला गेले. सर्व्हिस सेंटरने लिफ्टवाली गाडी मशीनवर घ्यायला नकार दिला. त्यांच्या नियमांमुळे असेल, मी वाद घातला नाही. मग एका मोठ्या टायरच्या दुकानात गेले. तिथल्या मुलाने अर्ध्या तासात टो जुळवला, स्क्रीनवर हिरवं दाखवलं आणि सातशे रुपये घेतले. मी कॅस्टरचा आकडा मागितला तर म्हणाला, "मैडम, इसमें कैस्टर एडजस्ट ही नहीं होता, तो नापने से क्या फायदा?" कंपनीच्या गाडीत कॅस्टरला स्क्रू नाही हे खरं आहे, पण मोजायला काय हरकत होती? मशीनमध्ये गाडीचं मॉडेलही दुसरंच निवडलेलं दिसत होतं. तुम्ही जाल तेव्हा तीन गोष्टी पैसे देण्याआधी विचारा: मॉडेल बरोबर निवडलं आहे का, चाकांखालच्या टर्न प्लेटच्या (फिरत्या तबकड्यांच्या) पिना काढून चाकं दोन्हीकडे फिरवून कॅस्टर मोजणार का, आणि आधीचे व नंतरचे आकडे छापून देणार का.

दुरुस्तीचे पर्याय मी आणि काकांनी बरेच दिवस तोलले. आर्मचं चासिसकडचं टोक खाली आणणारे ब्रॅकेट मिळतात. त्याने आर्मचा कोन मुळासारखा होतो आणि गाडी खड्ड्यांत मऊ चालते, पण ते ब्रॅकेट पोटाखाली लोंबतात, आणि मी तर पोट वाचवायलाच लिफ्ट केली होती. कॅस्टर सुधारलेले नवे आर्म मिळतात, ते महाग. तिसरा पर्याय म्हणजे भोक मधोमध नसलेले पॉलियुरेथेनचे बुश. आर्मच्या अॅक्सलकडच्या चार बुशच्या जागी हे बसतात आणि भोक बाजूला असल्यामुळे अॅक्सल परत मागे फिरतो. हे रबरापेक्षा कडक असतात, एक चाक उंचवट्यावर चढून अॅक्सल खूप तिरका झाला तर तेवढी लवचीकता मिळत नाही. माझ्या वापरात ते चालण्यासारखं होतं, म्हणून तीन अंशांचे बुश मागवले. ७,८०० रुपये. पॅनहार्ड रॉड पुढचा आणि मागचा, दोन्ही लांबी बदलता येणारे घेतले, कारण मागचा अॅक्सलही सरकलेला होता, तोही उलट्या बाजूला. १७,५०० रुपये. पॅनहार्ड आठवडाभरात आले. बुश परदेशातून यायचे होते, ते डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हातात पडले. या काळात स्प्रिंगही बसून गेल्या, आणि ते बरंच झालं. नव्या स्प्रिंगवर लगेच मोजमाप जुळवलं असतं तर परत करावं लागलं असतं.

थांबलेल्या दिवसांत बाकीचं तपासून घेतलं: किंगपिनच्या (ज्यावर पुढचं चाक वळतं त्या खुंटीच्या) बेअरिंगमध्ये खेळ, टाय रॉडची टोकं, स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा दांडा), चाकांचं बॅलन्सिंग. जिम्नीच्या जातीच्या गाड्यांत स्टिअरिंग थरथरतं तेव्हा कारण अनेकदा इथे असतं, आणि इथे सैलपणा असेल तर कॅस्टर सुधारून काही उपयोग नाही. माझं सगळं घट्ट निघालं.

बुश बसवायला हायड्रॉलिक प्रेस हवा. हातोड्याने ठोकून बसवतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत फिरा. सांवेर रोडच्या औद्योगिक भागात एका वर्कशॉपमध्ये प्रेस होता आणि तिथले उस्ताद शांतपणे ऐकून घेणारे निघाले. भोकाची दिशा हा या कामातला सगळ्यात नाजूक भाग आहे. अॅक्सलची वरची बाजू मागे न्यायची म्हणजे पुढच्या बुशचं भोक वर आणि मागच्याचं खाली. उलट बसलं तर आधीच शून्याखाली गेलेलं कॅस्टर आणखी तीन अंशांनी खाली जाईल. म्हणून आर्म गाडीवर असतानाच त्यांवर पेंटने "वर" आणि "पुढे" असे बाण काढले, एकेक आर्म सोडून प्रेसवर नेला आणि परत बसवल्यावरच दुसऱ्याला हात लावला. काका स्टूल टाकून बसलेच होते. उस्ताद एकदा त्यांच्याकडे बघून म्हणाले, "बाबूजी, आप तो हमारे इंस्पेक्टर हो गए." काका खूश.

त्याच दिवशी पॅनहार्डही बसवले. आधी नट हाताने लावून गाडी जमिनीवर उतरवली, थोडी पुढे-मागे हलवली, ओळंबा सोडला आणि दोन्ही बाजू एका मिलीमीटरच्या आत येईपर्यंत रॉडची लांबी फिरवली. बुशचे सगळे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असतानाच, टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे आवळले. चाकं हवेत लोंबत असताना आवळले तर रबराचे बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतात आणि लवकर फाटतात. उस्तादांना हे माहीत होतं, मला सांगावं लागलं नाही. प्रेस आणि मजुरी मिळून ४,५०० रुपये.

कॅस्टर हवं तेवढंच आणायचं, जास्त नाही. कारण अॅक्सल मागे फिरवताना डिफरेन्शियलचं तोंड खाली जातं आणि ट्रान्सफर केसकडून (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सकडून) येणाऱ्या पुढच्या शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो. म्हणून बुश बसवल्यावर मातीच्या रस्त्यावर फोर-एच (चारही चाकांना ताकद) लावून चाळीसपर्यंत नेऊन पाहिलं. कंप नव्हता.

कॅस्टर मोजून देणारं दुकान शेवटी उस्तादांनीच सांगितलं. तिथे नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात नंबर लागला. तिथल्या माणसाने आधी टायरची हवा तपासली, मग गाडी ढकलून चाकांचा रनआउट (फिरतानाचा वाकडेपणा) घेतला, टर्न प्लेट मोकळ्या केल्या, ब्रेक दाबून धरला आणि चाकं दोन्हीकडे फिरवली. स्क्रीनवर डावीकडे २.२, उजवीकडे २.०. मी तो कागद हातात घेऊन जुन्या कागदाशेजारी धरला आणि मला खरंच भरून आलं. मग त्याने टो जुळवला, आणि सगळ्यात शेवटी ड्रॅग लिंकचे लॉकनट सैल करून स्लीव्ह फिरवत स्टिअरिंगचं चाक सरळ केलं. खर्च १,२०० रुपये.

हा क्रम बदलू नका. पॅनहार्डआधी ड्रॅग लिंक जुळवली तर अॅक्सल हलल्यावर चाक पुन्हा वाकडं होतं. आणि कुणी स्टिअरिंगचं चाक काढून एक दात सरकवून लावतो म्हणाला तर लावू देऊ नका. जिम्नीच्या स्टिअरिंग बॉक्सची मधली जागा सरळ चालण्यासाठीच घट्ट बसवलेली असते. चाक फिरवून लावलं की डोळ्यांना सरळ दिसतं, पण बॉक्स त्या मधल्या जागेवर येत नाही. शिवाय ईएसपीचा (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर चाकाचा कोन वाचत असतो. तो आणि गाडीची प्रत्यक्ष दिशा जुळली नाही तर ईएसपी नको तिथे ब्रेक लावू शकतो. म्हणून अलाइनमेंटनंतर स्कॅनर लावून स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्य नव्याने नोंदवून घेतला. ९०० रुपये.

चाचणी सुपर कॉरिडॉरवर, पहाटे. रस्ता पाणी वाहून जाण्यासाठी कडेला उतरता असतो, म्हणून सरळ रस्त्यावरही गाडी किंचित डावीकडे जाते. एकाच दिशेच्या फेरीवरून निर्णय घेऊ नका, मधल्या लेनमध्ये दोन्ही दिशांनी चालवून पाहा. तरीही ओढ वाटली तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदला. ओढ बाजू बदलत असेल तर दोष टायरचा आहे. माझी गाडी ऐंशीला, हात हलके ठेवून, रेषेत राहिली. वळणानंतर स्टिअरिंग स्वतः परत आलं. पुढच्या रविवारी खंडवा रोडने सिमरोल, भेरूघाट करून चोरलपर्यंत सगळ्यांना घेऊन गेले. घाटाच्या वळणांत मुलं गाणी म्हणत होती आणि माझं त्यांच्याकडे लक्ष जाऊ शकलं, एवढंच सांगते.

कागदांचं काम समांतर चालू होतं. मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. टायर आणि व्हीलबेस मुळातलेच ठेवले त्याचं हेही एक कारण. विमा कंपनीला मी लिफ्ट बसवायच्या आधीच ईमेल केला होता. नंतर सगळी बिलं, फोटो आणि अलाइनमेंटचे दोन्ही कागद पाठवले. त्यांनी सर्व्हेअर पाठवला, थोडा जादा प्रीमियम घेतला, आणि फेब्रुवारीत पॉलिसीवर बदलाची नोंद करून पत्र दिलं. तोंडी "चालतं हो" वर विसंबू नका. अपघातानंतर दावा नाकारला गेला तर ते तोंडी उत्तर कुठे दाखवणार? सस्पेन्शन आणि स्टिअरिंगच्या भागांची वॉरंटी जाणार हे सर्व्हिस सेंटरने लिहून दिलं, ते मी मान्य केलं.

हेडलाइटचे झोत लिफ्टमुळे वर गेले होते. भिंतीवर जुन्या उंचीची रेघ होती, त्यावरून खाली आणले. समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश मारत फिरणाऱ्या उंच गाड्या रोज दिसतात. आपली त्यांत नको.

हजारेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत टॉर्क पान्याने तपासले. मागच्या पॅनहार्डचा एक लॉकनट किंचित फिरला, बाकी जागेवर होते. अलाइनमेंट पुन्हा मोजून घेतली, आणखी १,२०० रुपये, आकडे तेच आले. लिफ्टचा खर्च ८२,००० होता आणि त्यानंतरच्या दुरुस्तीचा, टायरच्या दुकानातल्या सातशेसकट, ३३,८००. लिफ्टचं कोटेशन घेताना हा दुसरा आकडा कुणी सांगत नाही, तो आधीच बजेटमध्ये धरा. पॉलियुरेथेनचे बुश थंडीत सकाळी किंचित करकरतात. त्यांना सिलिकॉन ग्रीस लावलं की थांबतं, पेट्रोलियमचं साधं ग्रीस लावू नका असं किटच्या कागदावरच छापलेलं आहे.